तुझ्या नावाच्या बावीस पावत्या

कोन्सेप्सियोन, १३ जून

प्रिय काडी,

माझा उजवा अंगठा परवापासून निळा आहे. हे वाक्य मुद्दाम पहिलं लिहितोय, कारण या देशात आपलं दुःख अर्जाच्या पहिल्या ओळीत नसेल तर दुसरी ओळ कुणी वाचत नाही. साबणाने धुतला, लिंबाने चोळला, भांडी घासायच्या तारेने घासला. कातडी गेली, शाई राहिली. काल पावावर पाल्त्याचा हिरवा गर कुस्करून लावला, तर पावाच्या कडेला माझा ठसा उमटला, सगळ्या रेषांसकट. स्वतःच्या सहीचा पाव खाणारा मी आपल्या घराण्यातला पहिलाच असेन. चहाच्या कपावर ठसा, उशीच्या अभ्र्यावर ठसा. पोलीस आले तर त्यांना शोधायला काही उरणार नाही.

ही शाई नोटरीच्या कचेरीतली. पावणेदोन तास रांगेत उभा होतो, माझ्यापुढे एक म्हातारा गाढव विकल्याचा कागद करायला आला होता. नोटरीबाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. म्हणाल्या, "अंगठा." मी म्हटलं, "मला सही येते हो, लेखक आहे मी." त्या म्हणाल्या, "म्हणूनच अंगठा."

कशासाठी गेलो होतो ते विचारू नकोस. एक कागद होता.

तू मला फोनवर ब्लॉक केल्याला आज एकवीस दिवस झाले. म्हणून हे पत्र. पत्राचं बरं असतं, दार लावलं तरी ते फटीतून आत येतं. तुला ठाऊकच आहे, मागच्या महिन्यात तूही माझ्या दाराच्या फटीतून काही कागद सरकवून गेलीस. तेव्हा मी घरी नव्हतो, हे इथेच सांगून टाकतो.

तुझ्या सासूबाई बऱ्या आहेत का? त्यांच्या परसातल्या तुझ्या त्या दोन खोल्या यंदा गळतायत का? तुमच्या तोमे गावाला इकडच्यापेक्षा जास्त पाऊस आहे असं रेडिओवर ऐकलं. घरांची यादी तीस तारखेला जाते हे माझ्या लक्षात आहे. काळजी करू नकोस. कागद तयार आहे.

तुझा,
जाड्या

ता. क. शाई कशाने जाते, तुला माहीत असेल. तू शिवणकाम करतेस, डाग काढतेस. उत्तर दोन ओळींचं चालेल. एका ओळीचंही.


२१ जून

काडी,

उत्तर नाही. ठीक आहे. अंगठा आता फिकट झालाय, जुन्या माराच्या डागासारखा.

मागच्या पत्रात मी कागद तयार आहे असं लिहिलं. खरं आहे ते. तयार आहे आणि फ्रीजच्या दारावर चुंबकाखाली आहे. दूध काढताना रोज वाचतो. 'मी, रामिरो फाउंदेस, वय चोपन्न, शपथेवर लिहून देतो की माझी बहीण एदित हिच्या नावाने फाडलेल्या सोबतच्या बावीस पावत्यांचं काम तिने केलेलं नसून मी केलेलं आहे.' वाक्य लांब झालंय. कापता आलं असतं. मी मात्र ते कापायचं कसं याचाच विचार करत दहा दिवस काढले.

तो कागद अजून कर-खात्यात दिलेला नाही.

आता तू म्हणशील, जाड्या, तुला एवढं लिहिता येतं, तर झालं काय ते एकदा सरळ लिही. लिहितो.

दोन वर्षांपूर्वी तुझ्या शिलाई मशीनशेजारी बसून मी तुला समजावलं होतं. माझ्यासारख्या सुट्या कामाच्या माणसाला पगार नसतो. काम करायचं, कर-खात्याच्या संगणकावर मानधनाची पावती फाडायची, काम देणारा तेरा टक्के कापून सरकारात भरतो, आणि एप्रिलमध्ये विवरण भरलं की मे महिन्यात कापलेलं परत येतं. सगळ्या देशाचा मे महिना त्यावर चालतो. फक्त माझा मे महिना तिजोरी गिळते, कारण एकवीस वर्षांचा असताना घेतलेलं विद्यापीठाचं कर्ज मी फेडलं नाही. तीन वर्षं कायदा शिकलो आणि सोडून दिला. त्या तीन वर्षांत जे शिकलो ते तुझ्यावर वापरलं.

"पावत्या तुझ्या नावाने फाडू," मी म्हटलं. "सगळेच करतात. मे महिन्यात पैसे तुझ्या खात्यात येतील, तू मला दे."

"मला काही होणार नाही ना, जाड्या?"

"तुला काय होणार? फार तर कागदोपत्री लेखिका होशील."

तू हसलीस, आणि गुप्तशब्द चिठ्ठीवर लिहून दिलास. कुत्र्याचं नाव आणि कुत्र्याचं जन्मवर्ष. कुत्रा गेला, शब्द अजून तोच आहे. बदल तो. हे पत्र खाली ठेव आणि आधी तो बदल.

अकरा महिने दोनदा, बावीस पावत्या. एका नगरपालिकेच्या पुस्तिका, रस्ता-उद्घाटनाची निवेदनं, नगराध्यक्षांची भाषणं. मागच्या सप्टेंबरात राष्ट्रीय दिनाला त्यांनी ध्वजाखाली डोळे पुसत 'कष्टकरी स्त्रीचे हात' असं म्हटलं ना, ते कागदोपत्री तू लिहिलं होतंस. गेल्या वर्षीच्या मे महिन्यात पाच लाख पेसो आले, तू पाकिटात घालून आणून दिलेस. मी त्यातले वीस हजार तुला काढून दिले आणि म्हटलं, "चुलीच्या लाकडाला." किती उदार वाटलं होतं मला तेव्हा.

मार्चमधला तुझा आवाजी निरोप मी पुसलेला नाही. रोज ऐकतो असं म्हटलं तर तुला ते नाटक वाटेल, म्हणून सांगतो की रोज नाही.

"जाड्या, ऐक. आज घर-समितीच्या बैठकीला ती सरकारी समाजसेविका आली होती. सगळ्यांसमोर विचारते, 'एदितबाई, तुम्ही लेखिका आहात का?' मी म्हटलं, 'मी पँटी आखूड करून देते हो.' तर म्हणे, 'इथे तर नगरपालिकेसाठी लेखन दिसतंय दोन वर्षं. तुमचं उत्पन्न वाढलंय, गरजू चाळीस टक्क्यांत तुम्ही आता बसत नाही. सरकारी घरांच्या यादीतून नाव निघेल.' सगळे हसले रे. कुणी तरी म्हणालं, बाईंची सही घेऊन ठेवा. एर्मिन्दाबाई नाही हसल्या, अध्यक्ष आहेत ना. नऊ वर्षं झाली जाड्या, दर महिन्याला घराची बचत भरतेय मी. एप्रिलमध्ये ते नीट करून टाक. तीस जूनला यादी जाते. करशील ना?"

उत्तरादाखल मी अंगठा पाठवला होता. पिवळा, फोनमधला.

आणि एप्रिलमध्ये तुझ्या कुत्र्याचं नाव टाकून आत गेलो. कर-खातं हल्ली विवरण स्वतःच भरून समोर ठेवतं, तुम्ही फक्त 'मान्य' दाबायचं. दुरुस्ती करायची तर पावत्या माझ्या म्हणाव्या लागणार, म्हणजे नगरपालिका विचारणार, काम जाणार, मे महिना तिजोरी गिळणार. मला एक दाढ बसवायची होती.

'मान्य' दाबलं.

उद्या तो कागद घेऊन जातो.

रा.


२६ जून

काडी,

उद्या म्हणालो होतो, आज गेलो. बावीसला दातवाल्याकडे तपासणी होती, मग शनिवार-रविवार आला, मग काल नगरपालिकेचा फोन आला की सप्टेंबरची पुस्तिका यंदा रंगीत काढायची आहे, पैसे वाढवून देतो. रात्रभर झोप लागली नाही, असं लिहिणार होतो. लागली. मला झोप नेहमीच लागते, तुला माहीत आहे.

कर-खात्याच्या खिडकीत एक तरुण मुलगी होती, गळ्यात लोकरीचा मफलर, नाक लाल.

"हे काय आहे?"

"कबुली."

"कसली?"

"बावीस पावत्या. नाव बहिणीचं, काम माझं."

तिने कागद उलटसुलट केला. "साहेब, इथे लोक नाकारायला येतात. कबुलीसाठी कुठला नंबर द्यायचा तेच मला माहीत नाही. थांबा." आत जाऊन आली. "बहिणीला माहीत होतं?"

"मी तिला सांगितलं होतं की सगळेच करतात."

"सगळेच करतात हो. माझा मामासुद्धा करायचा." तिने शिक्का उचलला. "तिचं काय गेलं?"

"घर जाईल. तीस तारखेला यादी आहे."

तिने शिक्का तसाच हवेत धरला. "दुरुस्तीला दहा कामाचे दिवस लागतात, साहेब. आज सव्वीस आहे." मग नोटरीची तारीख पाहिली. "हा कागद तर अकराचा आहे. तेव्हा दिला असता तर झालं असतं. एवढे दिवस काय करत होतात?"

"अंगठा धूत होतो," मी म्हटलं.

ती हसली नाही. मी आयुष्यभर लोकांना हसवून पोट भरलं, पण या वर्षी माझ्या बोलण्यावर बऱ्याच बायका हसल्या नाहीत.

मी विनवलं. म्हटलं, समितीला तात्पुरतं पत्र द्या, दुरुस्ती चालू आहे असं. ती म्हणाली, असं पत्र नसतं. मी म्हटलं, काढा. ती म्हणाली, "नमुनाच नाही त्याचा." पोच मात्र दिली. मी तिथूनच बसने तोमेला आलो, एर्मिन्दाबाईंच्या हातात पोच ठेवली. तू शिवणाची कापडं पोचवायला गेली होतीस म्हणे. तुझ्या गल्लीत शिरलो नाही. एर्मिन्दाबाई म्हणाल्या, "जोडते मी अर्जाला. पण वरचे लोक पोच वाचत नाहीत, आकडा वाचतात."

दुसरं एक. पहिल्या पत्रात लिहिलं होतं की तू कागद सरकवलेस तेव्हा, वीस मेला, मी घरी नव्हतो.

घरी होतो. मोज्यांवर, स्वयंपाकघरात. किटली शिट्टी मारायला लागली तेव्हा तू दार वाजवलंस. मी गॅस बंद केला. शिट्टी हळूहळू विझत गेली आणि बाहेरून तुझा आवाज आला.

"जाड्या, किटली बंद केलीस ना आत्ता? ऐकली मी."

मी श्वास धरून उभा. तुझ्या मोठ्या भावाचं हे शौर्य.

"मी भांडायला नाही आले. एक सही हवीय फक्त. पावत्यांच्या प्रती काढून आणल्यात, तुला शोधायला नकोत म्हणून." मग फटीतून कागद आले, एकेक करून, कारण सगळा गठ्ठा एकदम मावत नव्हता. वरच्या कागदाला कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानाची चिठ्ठी टाचलेली होती, बावीस प्रती, सतराशे साठ पेसो. मी मनात म्हटलं, वा, बाईसाहेबांनी बिलसुद्धा पाठवलंय.

आणि तीन दिवसांनी मी तुला निरोप टाकला, 'परतावा आला का गं? केव्हा पाठवतेस?'

चार मिनिटांत पैसे आले. सगळे, लाकडाचेही न कापता. शेऱ्याच्या जागी तू एकच शब्द लिहिला होतास. 'घे.' मग फोन बंद.

दाढ छान बसलीय. ज्या अंगाने चावतो त्या अंगाने तुझ्या नव्या घरातलं न्हाणीघर चावतोय असं वाटतं.

रामिरो


१७ जुलै

काडी,

काल एर्मिन्दाबाईंचा फोन आला.

"एदितने सांगितलेलं नाही फोन करायला," त्यांनी सुरुवातच अशी केली. "उलट नको म्हणाली. पण कुणी तरी तुझ्या कानावर घालायला हवं. दुरुस्ती झाली बघ. दहा तारखेला. ती पुन्हा चाळीस टक्क्यांत आली, पुन्हा गरीब झाली, अभिनंदन."

"आणि यादी?"

"यादी तीसला गेली. सेहेचाळीस नावं. तिचं नाही."

मी विचारलं, पोच जोडली होती ना. त्या म्हणाल्या, जोडली होती, टाचणीसुद्धा लावली होती. मग म्हणाल्या, "एकतीस नंबरचं घर व्हायचं होतं तिचं. नकाशावर बोट ठेवून ठेवून कागद काळा केला होता तिने तिथे. स्वयंपाकघरातून समुद्र. आता एक नवराबायको आहेत, चांगली आहेत बिचारी, त्यांचा दोष नाही."

"पुढची यादी केव्हा?"

"पुढच्या वर्षी म्हणतात. म्हणजे त्याच्या पुढच्या."

"ती रडली का?"

"तुला काय रे करायचंय ती रडली का ते? लिहायला हवंय का कुठे?" मग म्हणाल्या, "रडायला वेळ कुठाय. सप्टेंबरच्या नाचाचे घागरे आलेत शिवायला. एकोणीस घागरे."

नगरपालिकेने मला कळवलं की माझ्या सेवांची आता गरज नाही. पत्र दोन ओळींचं होतं आणि त्यात माझ्या नावाचं स्पेलिंग बरोबर होतं. दोन्ही वर्षांचे परतावे सरकारला परत भरायचे म्हणून तुझ्या नावावर निघत होते, ते मी माझ्या नावावर घेतले. चोवीस हप्ते, दंड वेगळा. पहिला हप्ता भरला. हे तुला मोठेपणासाठी सांगत नाही. कर-खात्याचा कागद तुझ्या घरी आला तर घाबरू नकोस, तुला काही भरायचं नाही, एवढंच.

नऊ वर्षं तू भरलेलं तसंच जमा आहे, ते कुणी काढून घेत नाही, असं एर्मिन्दाबाई म्हणाल्या. मी हे तुला सांगतोय, जसं काही तुला माहीत नाही.

रा.


१९ जुलै

एदित,

आज सकाळी खाली ओतिलियाबाईंकडे पाव आणायला गेलो. तळमजल्यावरची ती म्हातारी, घरी पाव भाजून विकते ती. तू तिला एकदाच पाहिलंस असं मला वाटत होतं. तिने पाव कागदात गुंडाळता गुंडाळता विचारलं, "बहीण कशी आहे रे तुझी? पुन्हा आली नाही ती."

"बरी आहे."

"त्या दिवशी पावसात जिन्याच्या तोंडाशी उभी होती. मी आत घेतलं, चहा दिला. म्हणे, बसचे पैसे झेरॉक्सवाल्याकडे गेले, भाऊ घरी असेल या भरवशावर आले. परतीचं भाडं दिलं मी तिला. अठराशे."

मी तिथे पाव धरून उभा राहिलो. गरम होता, हात भाजत होता.

"मग मला का नाही सांगितलंत, ओतिलियाबाई? मी रोज येतो इथे. दोन महिने झाले."

"मी म्हटलं होतं तिला, तुझा भाऊ वरच राहतो, त्याच्याकडून घेईन. तर अशी बघितली माझ्याकडे! म्हणाली, त्याच्याकडून नको. माझ्या नावावर लिहा, मी येईन तेव्हा देईन." तिने भिंतीवर खिळ्याला अडकवलेली उधारीची वही खाली काढून दाखवली. पिठाने भरलेली. गल्लीतल्या लोकांची नावं, आणि त्यांच्या खाली, तिच्या वाकड्या अक्षरात, 'एदित, वरच्या जाड्याची बहीण. १८००.'

वर गेलो. नोट एक हजाराची होती, बाकी नाणी जमवली. खाली येऊन तिच्या टेबलावर ठेवली, पिठात.

"तिने पाठवले?" ओतिलियाबाईंनी विचारलं.

हो म्हणणं सोपं होतं. तुझा शब्दही राहिला असता, मलाही काही सांगावं लागलं नसतं. ओठावर आलंच होतं.

"नाही," मी म्हटलं. "माझे आहेत. ती आली तेव्हा मी घरात होतो."

तिने माझ्याकडे पाहिलं. नाणी मोजली, दोनदा. मग पेन्सिल ओली करायला जिभेला लावली, वही जवळ ओढली आणि तुझ्या नावावर रेघ मारली.

रामिरो